पाचशे यार्डांची पडवी

कॉलेजात असताना एनसीसीच्या फायरिंगला आम्हाला पॉइंट टू टूची रायफल मिळत असे. पोटावर झोपायचे, श्वास रोखायचा, पाच गोळ्या मारायच्या. मग उस्ताद टार्गेटचा कागद काढून आणत आणि त्यावर पट्टी ठेवत. भोके मध्यावर पडली आहेत का, हे ते आधी पाहतच नसत. भोके एकमेकांपासून किती लांब आहेत, हे मोजत. पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तर ती कोपऱ्यात पडली असली तरी त्यांचा चेहरा खुलत असे. नेम डावीउजवीकडे सरकवता येतो, विखुरलेल्याला मात्र इलाज नसतो, असा त्यांचा हिशेब. आणखी एक गोष्ट ते सांगत. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकीला मानवणारी गोळी दुसरीला मानवेलच असे नाही. तेव्हा मला ती लष्करी दंतकथा वाटली होती.

ती दंतकथा नाही. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक आणले. या दोन्ही स्पर्धा पॉइंट टू टू रिमफायर रायफलीच्या. या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते आणि बार उडतो. कड एकदा चेपली की ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलीचे नेमबाज दारूचे माप बदलून स्वतः काडतुसे भरू शकतात. रिमफायरवाल्याला कारखान्यातून येईल त्यातूनच निवड करावी लागते. म्हणून अव्वल नेमबाज रायफल शिकंजात घट्ट पकडून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात आणि ज्या लॉटची भोके सर्वांत जवळ पडतात तो लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवतात. माणसाचा हात बाजूला ठेवायचा, वारा बाजूला ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायचे.

ही शिस्त ज्यांनी रायफलीच्या जगात रुजवली, त्यांत एक नाव मला फार नंतर भेटले. खरे तर ते आधीपासूनच ओळखीचे होते. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये टॅप आणि डायच्या जुन्या पेट्यांवर बी. एस. डब्ल्यू. अशी अक्षरे असत. ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ. अर्धा इंची बोल्टला इंचात बारा आटे, हे पाठ करणाऱ्या कित्येक फिटरांना व्हिटवर्थ हा माणूस होता याची कल्पनाही नसेल.

जोसेफ व्हिटवर्थ २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावी जन्मला. वडील शाळामास्तर आणि धर्मोपदेशक. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी मुलाला डर्बीशरमधल्या मामाच्या सूतगिरणीत धाडले. पुढे गिरणी त्याच्या हाती यावी, असा घरच्यांचा बेत. पण या पोराला सुतापेक्षा सूत काढणाऱ्या यंत्रांचे वेड. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो गिरणी सोडून मँचेस्टरला पळाला आणि साधा कामगार म्हणून यंत्रे जोडू लागला. १८२५ साली फॅनी अँकर्सशी लग्न करून त्याने लंडन गाठले आणि हेन्री मॉडस्ले या त्या काळच्या यंत्रगुरूच्या कारखान्यात नोकरी धरली. नंतर जोसेफ क्लेमंटकडेही काम केले. चार्ल्स बॅबेजचे सुप्रसिद्ध गणनयंत्र तिथेच घडत होते.

मॉडस्लेच्या कारखान्यात सपाट पृष्ठाचा ध्यास होता. व्हिटवर्थने तो परिपूर्णतेला नेला. युक्ती ऐकायला सोपी आहे. लोखंडाचे दोन पाट एकमेकांवर रंग लावून घासले, उंचवटे खरवडले, की ते एकमेकांत चपखल बसतात. पण त्यातला एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असेल, तरीही ते चपखलच बसतील! म्हणून तिसरा पाट घ्यायचा. तिन्ही पाट आळीपाळीने कोणत्याही जोडीत चपखल बसले, तरच ते खरोखर सपाट. दोघे एकमेकांची साक्ष देतात तेव्हा दोघेही खोटे असू शकतात, तिसरा साक्षीदार लागतो. मला वाटते, या माणसाचे सारे आयुष्य या एका युक्तीतून उलगडते.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि त्याने स्वतःचा कारखाना काढला. १८४१ साली त्याने साऱ्या देशासाठी एकच स्क्रूचा आटा असावा, असा प्रस्ताव मांडला. तोवर प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांचे बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि ५५ अंशांचा कोन ठरवून दिला. रेल्वेने तो उचलला आणि साम्राज्याबरोबर तो आपल्या रेल्वे वर्कशॉपांतही आला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने इंचाचा दशलक्षांश भाग दाखवणारे मोजयंत्र मांडले, तेव्हा लोक थक्क झाले.

अशा माणसाकडे १८५४ साली ब्रिटिश सरकार आले. क्रिमियाचे युद्ध पेटले होते. बंदुका कारागिरांच्या हाती घडत, हव्या तितक्या मिळत नसत. सरकारने त्याला बंदुका बनवणारी यंत्रे मागितली. दुसऱ्या कोणी पट्कन ऑर्डर घेतली असती. व्हिटवर्थने उलट विचारले, की नळी कशी असावी हे आधी ठरले आहे काय? ते कोणालाच नेमके ठाऊक नव्हते. चुकीची नळी यंत्रावर हजारोंनी काढण्यात त्याला अर्थ दिसेना. मग सरकारी खर्चाने मँचेस्टरजवळ, त्याच्या घराच्या आवारात, ५०० यार्ड लांबीची छपराची एक पडवी उभी राहिली. पहिली पडवी वादळात कोसळली. ती पुन्हा उभारून १८५५ च्या मार्चमध्ये प्रयोग सुरू झाले.

या पडवीत वारा नव्हता. गोळीच्या वाटेवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले. गोळी प्रत्येक पडद्याला भोक पाडत जाई आणि ती भोके पाहिली की तिचा सारा मार्ग कागदावर उमटलेला असे. लष्कराच्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच व्यासाची होती आणि तिच्यातल्या पिळाचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होई. व्हिटवर्थने ६० इंचांत एक फेऱ्यापासून थेट एका इंचात एक फेऱ्यापर्यंतचे पीळ करून पाहिले. गोळ्या आखूड, लांब, शिशाच्या, कठीण मिश्रधातूच्या, नाना प्रकारांनी झाडल्या. भोवरा जितका जोरात फिरतो तितका तो ताठ उभा राहतो. लांबट गोळीचेही तसेच, तिला फिरकी जास्त हवी. शेवटी तो पोहोचला ०.४५१ इंची षट्कोनी नळीपाशी, २० इंचांत एक फेरा. गोळीचे वजन आणि दारूचे माप मात्र लष्कराचेच, ५३० आणि ७० ग्रेन.

१८५७ च्या एप्रिलमध्ये हाइथ येथील नेमबाजीच्या लष्करी शाळेत दोन्ही रायफलींचा सामना झाला. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट, म्हणजे जेमतेम साडेचार इंच. ८०० यार्डांवर ४.११ फूट विरुद्ध एक फूट. १४०० यार्डांवर एन्फिल्डची एकही गोळी टार्गेटला लागली नाही.

ही तारीख वाचून मराठी वाचक थबकेल. १८५७ चा एप्रिल! याच एन्फिल्डची काडतुसे त्या वर्षी हिंदुस्थानात आली होती. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने बंदूक उचलली आणि ८ एप्रिलला तो फासावर गेला. हाइथला गोळी किती इंच भरकटते याची मोजदाद चालली होती. इकडे शिपाई विचारत होते, की दाताने तोडायच्या या काडतुसाला चरबी कोणत्या जनावराची लावली आहे? काडतुसाची परीक्षा दोन्हीकडे चालू होती. एका परीक्षेला पट्टी होती, दुसरीला नव्हती. जी पट्टीत मावत नव्हती, तिनेच महिन्याभरात मीरतेहून साम्राज्य हलवून सोडले. हा दोष व्हिटवर्थचा नव्हे. तरीही मोजणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग उशाशी ठेवावा, असे मला वाटते.

एवढे निर्विवाद यश मिळूनही लष्कराने त्याची रायफल स्वीकारली नाही. बारीक नळीत जळक्या दारूची काजळी लवकर साचते आणि ती महाग पडते, हे आक्षेप खोटे नव्हते. पडवीत नेम दिसतो, चिखलातला दमलेला शिपाई दिसत नाही. मान मात्र भरपूर मिळाला. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनला रायफल असोसिएशनच्या पहिल्या मेळाव्यात व्हिक्टोरिया राणीने चापाला बांधलेली दोरी ओढली आणि शिकंजात धरलेल्या व्हिटवर्थ रायफलीची गोळी ४०० यार्डांवर मध्यापासून सव्वा इंचावर बसली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी ही रायफल वापरली. १८६४ मध्ये जनरल सेजविक तिच्याच गोळीने पडला, असे सांगितले जाते.

पुढे एक गंमत उघड झाली. त्याच नळीतून साधी गोल बुडाची शिशाची गोळी झाडली, तरी नेम फारसा बिघडत नसे. मऊ शिसे बाराच्या दाबाने फुगून षट्कोनात बसे. खरे गुपित होते बारीक नळी, लांब गोळी आणि जलद पीळ. षट्कोन त्याला अत्यावश्यक नव्हता. पण व्हिटवर्थने षट्कोन सोडला नाही, तोफांतही तोच वापरला. १८७१ साली लष्कराने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली, ती ०.४५ इंचीच, पण आतली घडण दुसऱ्याची. त्याचे माप जिंकले, त्याचा आकार हरला. तीन पाटांची युक्ती जगाला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या लाडक्या कल्पनेला मात्र तिसरा साक्षीदार दिला नाही. हे लिहिताना मला हसू येत नाही. आपल्या घरातही असे षट्कोन असतात.

पैसा त्याने अमाप मिळवला आणि मोकळ्या हाताने दिला. १८६८ मध्ये एक लाख पौंड देऊन त्याने तरुण यंत्रज्ञांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. हाताचे कौशल्य आणि पुस्तकी शास्त्र दोन्ही येणाऱ्या मुलांसाठी. गिरणीतून पळालेल्या मुलाला ती गरज ठाऊक होती. १८६९ मध्ये सरकारने त्याला बॅरोनेट केले. मूलबाळ नव्हते. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लोला तो वारला. त्याच्या इस्टेटीतून मँचेस्टरला कलादालन, बाग आणि कर्करोगाच्या इस्पितळाला आधार मिळाला.

त्याच १८८७ साली अमेरिकेत पॉइंट टू टू लाँग रायफल हे रिमफायर काडतूस बाजारात आले. तेच, ज्याने पुढे आम्ही पोटावर झोपून नेम धरला आणि ज्याने स्वप्नीलने पदक आणले. त्या काडतुसाशी व्हिटवर्थचा काही संबंध नाही. पण स्पर्धेआधी नळी शिकंजात धरून एकेका लॉटची भोके मोजणाऱ्या नेमबाजाजवळ मला तो उभा दिसतो. आणि त्याच्या शेजारी हातात पट्टी घेतलेले आमचे उस्ताद. नेम नंतर पाहू, आधी भोके किती विखुरली ते बघू, एवढेच ते दोघे सांगत असतात.