भोक पडलेली बी आणि फाब्र मास्तर

गावी शेळ्यांपुढे बाभळीच्या शेंगा टाकताना एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो होतो. शेंग फोडली की आतल्या काही बियांना गिरमिटाने पाडावे तसे नेमके गोल भोक असते आणि बी आतून पोकळ निघते. किडा बाहेरून भोक पाडून आत शिरला व गर खाऊन गेला, अशीच माझी समजूत होती. ते भोक आत शिरण्याचे नसून बाहेर पडण्याचे असते, हे मला एका फ्रेंच शाळामास्तरामुळे कळले. त्यांचे नाव झां आंरी फाब्र. मी कला शाखेचा विद्यार्थी, कीटकशास्त्राचा मला गंध नाही. परंतु ज्याला पाहण्याची विद्या म्हणतात ती कोणत्याही शाखेची मिरासदारी नाही, हे या चरित्रातून मनावर ठसले, म्हणून हा लेखनप्रपंच.

फाब्र यांचा जन्म २१ डिसेंबर १८२३ रोजी दक्षिण फ्रान्समधील सें-लेओं या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. पोरवयात त्यांनी जत्रेत लिंबे विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते आव्हीन्यों येथील अध्यापक विद्यालयात शिकले आणि एकोणिसाव्या वर्षी कार्पांत्रा गावी प्राथमिक शिक्षक झाले. दिवसा मुलांना शिकवावे, रात्री स्वतः शिकावे, असे करीत त्यांनी एकेक पदवी मिळवली. १८५५ साली पॅरिसची डॉक्टरेटही मिळाली. त्याच वर्षी भुंगेऱ्यांची शिकार करणाऱ्या एका गांधीलमाशीवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. डार्विनने आपल्या लेखनात त्यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव केला. डार्विनचा उत्क्रांतिवाद मात्र फाब्र यांना अखेरपर्यंत पटला नाही.

कीर्तीने पोट भरत नाही. मंजिष्ठेच्या जातीच्या एका वनस्पतीपासून शुद्ध लाल रंग काढण्याच्या खटपटीत त्यांनी कित्येक वर्षे घालवली. हात यशाला लागणार तोच जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ च्या सुमारास तोच रंग कृत्रिम रीतीने तयार केला आणि सारी आशा मावळली. याच सुमारास ते आव्हीन्यों येथे सायंकाळचे मोफत वर्ग घेत. त्या वर्गांना मुलीही येत. फुलात परागकणांमुळे फळ कसे धरते, हे त्यांनी मुलींसमोर सांगितले, एवढ्यावरून गावातील सनातनी मंडळी खवळली. घरमालकिणींनी घर सोडण्यास सांगितले. पदरी मुलेबाळे आणि खिशात दमडी नाही, अशा वेळी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने तीन हजार फ्रँक उसने दिले. १८७० मध्ये फाब्र कुटुंबासह ओरांजला गेले आणि शालेय पुस्तके लिहून त्यांनी संसार चालवला, मिलचे ऋणही फेडले. १८७७ मध्ये कोवळ्या वयाचा मुलगा झ्यूल गेला. हाच मुलगा रानावनात त्यांच्याबरोबर किडे शोधीत हिंडे. त्याच्या नावावरून बापाने काही गांधीलमाश्यांची नावे ठेवली.

१८७९ मध्ये सेरीन्यां गावाजवळ खडकाळ, काटेरी माळाचा एक तुकडा त्यांनी विकत घेतला. शेतकऱ्याच्या दृष्टीने टाकाऊ, पण किड्यांच्या दृष्टीने नंदनवन! तेथेच त्यांच्या कीटकस्मृतींचे दहा खंड पूर्ण झाले. शेंगांतील बिया खाणाऱ्या भुंगेऱ्यांची हकीकत आठव्या खंडात येते. तो १९०३ साली निघाला, तेव्हा फाब्र ऐंशीच्या घरात होते.

वाटाण्याचा भुंगेरा कोवळ्या शेंगेवर अंडी घालतो. शेंगेत दाणे किती आहेत याचा हिशेब त्याच्यापाशी नसतो. एकेका दाण्यात अनेक अळ्या शिरतात, पण वाटाण्यात एकाच अळीची सोय असते. जी प्रथम मधोमध पोचते ती जगते, बाकीच्या वाटेतच मरतात. शिरताना पाडलेले छिद्र अगदी बारीक असते. पुढे भुंगेऱ्याला बाहेर पडण्यासाठी मोठे दार लागणार, म्हणून अळीच आतून गोल वाट कोरून ठेवते आणि शेवटचा साल तेवढा पातळ पापुद्र्यासारखा राखते. पूर्ण वाढलेला भुंगेरा तो पापुद्रा ढकलून बाहेर येतो. बाभळीच्या बीवरचे ते भोकही असेच बाहेर पडणाऱ्याचे!

फाब्र यांना दुसरे कोडे पडले ते घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे. वाटाण्याला कीड, बाकल्याला कीड, मग या दाण्याला त्यांच्या गावाकडे कीड का नाही? त्यांनी अनुमान केले की हे पीक परक्या मुलखातून आले असावे आणि त्याचा वाटेकरी मागेच राहिला असावा. पुढे मायान गावाहून किडलेले दाणे त्यांच्या हाती आले आणि तो वाटेकरीही समुद्र ओलांडून आल्याचे दिसले. तो कोठारातल्या वाळल्या दाण्यांतही पिढ्यान्‌पिढ्या वाढतो, हे त्यांनी बरण्यांत पाळून पडताळले. ते पीक व तो किडा, दोन्ही मूळचे अमेरिकेचे, हे आज सर्वमान्य आहे. आपल्याकडेही तसेच घडले. सुबाभूळ अमेरिकेतून आली आणि तिच्या बिया खाणारा तिकडचा भुंगेराही पुढे भारतात आढळला.

११ ऑक्टोबर १९१५ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, त्याच माळावरच्या घरात फाब्र यांनी देह ठेवला. मानसन्मान लाभले, पण फार उशिरा. ज्या गावाने त्यांना मुलींना फूल शिकवल्याबद्दल घालवले, त्याच्यावर राग धरण्यात त्यांनी आयुष्य दवडले नाही. एका वाटाण्यापुढे बसून त्यांनी ते सार्थकी लावले. आपल्या महाविद्यालयाच्या वाटेवरही बाभळी आहेत. शेंगा वाळल्या की एखादी उचलून फोडून पाहावी. भोक असेल तर ते बाहेर निघालेल्याचे. आणि नसेल तरी बी रिकामी टाकू नये, दार उघडायचे बाकी असेल.