बहिणाबाईंचे स्वप्न आणि आपले जागेपण

रात्रपाळी केलेल्या प्रत्येक डॉक्टरला हे दृश्य ओळखीचे असते. पहाटे तीनच्या सुमारास एखाद्या तरुण मुलीला रिक्षातून उतरवून आत आणतात. डोळे मिटलेले, हाकेला उत्तर नाही. नाडी, श्वास, रक्तदाब मात्र व्यवस्थित. बरोबरच्यांपैकी कुणी फिट आली म्हणते, कुणी बाहेरची बाधा म्हणते आणि एखादा बाजूला येऊन हळूच सांगतो की हे सगळे नाटक आहे. अशा वेळी मला हटकून संत बहिणाबाई आठवतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत. त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबांच्या शिष्या असलेल्या बहिणाबाई.

त्यांचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षीच त्यांचे लग्न झाले. नवरा रत्नाकर पाठक तिशीतला बिजवर होता. नऊ वर्षांच्या असताना घरगुती तंट्यामुळे सगळ्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी भिक्षा मागत भटकंती झाली आणि अखेर मंडळी कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या ओसरीत स्थिरावली. तेव्हा बहिणाबाईंचे वय होते जेमतेम अकरा.

याच घरात त्यांना एका वासराचा लळा लागला. वासरूही त्यांना सोडेना. पाणी आणायला, दळायला, अगदी कीर्तनालासुद्धा ते मागोमाग जाई. कोल्हापुरात तेव्हा जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालत आणि त्यांत तुकोबांचे अभंग गायले जात. एकदा स्वामींनी या मुलीच्या आणि वासराच्या मस्तकावर कौतुकाने हात ठेवला. ही गोष्ट गावभर झाली आणि नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने तिला वेणी धरून मारले, बांधून ठेवले. गाय-वासराने चारापाणी सोडले. पुढे थोड्याच दिवसांत वासरू गेले आणि ही मुलगी शुद्ध हरपून पडली.

त्या दिवसांत ज्यांना कधी पाहिले नव्हते ते तुकोबा तिच्यासमोर आले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला. ती शुद्धीवर आली ती तुकोबांना गुरू मानूनच. हे सारे त्यांनी स्वतः अभंगांतून सांगून ठेवले आहे. मराठी स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत या अभंगांची गणना होते. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये त्यांचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध केला.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या संत स्त्रीला आज एखाद्या आजाराचे लेबल चिकटवणे हा उद्धटपणा होईल आणि मला ते करायचेही नाही. पण त्या प्रसंगाने उभा केलेला प्रश्न वैद्यकाचा आहे. मूर्च्छेच्या आणि जागेपणाच्या सीमेवर दिसणारी ही दृश्ये येतात कुठून? ती त्या क्षणी तयार होतात, की स्वप्नांचा झरा आपण जागे असतानाही आत वाहतच असतो?

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी झोपेतली एक विशेष अवस्था नोंदवली. त्या अवस्थेत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. नंतर दिसून आले की या वेळी जागे केलेली माणसे बहुधा ठसठशीत स्वप्ने सांगतात. प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण २० ते २५ टक्के भाग या अवस्थेत जातो. झोपेच्या इतर टप्प्यांतही स्वप्ने पडतात, पण ती जरा फिकट. आश्चर्य असे की या अवस्थेत मेंदूचा विद्युत आलेख जागेपणीच्या आलेखाशी बराच जुळतो. शरीराचे स्नायू मात्र त्या वेळी सैल सोडलेले असतात, म्हणूनच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून उठून पळत नाही.

हे साम्य पाहून रोडोल्फो यीनास आणि डेनिस पारे या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक धाडसी विचार मांडला. त्यांच्या मते जागेपण आणि स्वप्न ही मेंदूची दोन वेगळी कामे नसून एकच काम आहे. मेंदू सतत आतून जग रचत असतो. जागेपणी डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी माहिती त्या रचनेला लगाम घालते. झोपेत तो लगाम सुटतो. हा विचार अजून सर्वमान्य सिद्धांत झालेला नाही. आपण हिशेब करत असताना मनाच्या तळाशी एखादे पूर्ण स्वप्न उलगडत असते, असा पुरावा तर कुणाकडेच नाही. पण स्वप्न रचणारी यंत्रणा दिवसा बंद पडत नाही, याच्या खुणा रुग्णांत वारंवार दिसतात. दिवसभर लोकलच्या खडखडाटात आपल्याला घरातल्या पंख्याचा आवाज जाणवत नाही, शेवटची गाडी गेल्यावर तो ऐकू येतो. पंखा मात्र दिवसभर फिरतच असतो.

नजर अगदी कमी झालेल्या एखाद्या आजीला समोरच्या भिंतीपाशी नटूनथटून उभी असलेली माणसे दिसतात. बुद्धी शाबूत असते, ही माणसे खरी नाहीत हेही तिला कळते. डोळ्यांकडून माहिती येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रे पुरवतो. शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत याचे वर्णन केले आणि हा विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तापाने किंवा रक्तातले सोडियम उतरल्याने भ्रमिष्ट झालेल्या रुग्णाला वॉर्डात रात्री गाव दिसते, गेलेली माणसे दिसतात. जोडीदार गमावलेल्या अनेक निरोगी माणसांना त्याची चाहूल लागते, आवाज ऐकू येतो. २०११ मध्ये तर उंदरांवरील प्रयोगात असे आढळले की खूप वेळ जागवलेल्या उंदराचे डोळे उघडे असताना, तो हालचाल करत असताना मेंदूतले काही पेशीसमूह थोड्या वेळासाठी झोपून घेतात.

आता कोल्हापूरच्या त्या ओसरीकडे पुन्हा पाहा. मारहाण, दावणीला बांधल्यासारखे दिवस, जिवाभावाच्या वासराचा मृत्यू. बाहेरच्या जगाचा लगाम सुटायला आणखी काय लागते? आणि आतून वर आले ते काय, तर कीर्तनात दिवसेंदिवस कानावर पडलेले तुकोबा. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. मेंदूने साहित्य तिच्याच मनातून घेतले, पण त्यातून जे उभे राहिले त्याने तिला पुढची पन्नास-साठ वर्षे तारले. मेंदूतली प्रक्रिया समजली म्हणून अनुभवाचे मोल कमी होत नाही.

इथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत उपनगरातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीला घरचे घेऊन आले होते. ती हसता हसता गुडघ्यांत मोडून खाली बसे आणि झोप लागता लागता खोलीत कुणी उभा असल्याचे सांगे. मी पाच मिनिटांत केसपेपरवर मानसिक ताण असे लिहून मोकळा झालो. पुढे एका सहकाऱ्याने तिचे निदान केले ते नार्कोलेप्सीचे. या आजारात बहुधा मेंदूतल्या ऑरेक्सिन या रसायनाच्या पेशी नष्ट होतात आणि झोप व जागेपण यांमधला बांध फुटतो. स्वप्न जागेपणात घुसते. औषधांनी तो बराच आटोक्यात राहतो. मी तिला फक्त एकच प्रश्न विचारायला हवा होता, तुला नेमके काय आणि कधी दिसते, एवढाच. तो न विचारल्याने तिची काही वर्षे घरच्यांची बोलणी खाण्यात गेली.

बहिणाबाईंनाही बोलणी चुकली नाहीत. दृष्टान्ताची बातमी पसरताच बघ्यांची गर्दी झाली. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू केला म्हणून नवरा संतापला आणि गरोदर पत्नीला टाकून निघायच्या तयारीला लागला. तेवढ्यात तो तापाने महिनाभर अंथरुणाला खिळला. तिने त्याची शुश्रूषा केली, त्याचे मन पालटले आणि सगळे कुटुंब देहूला तुकोबांकडे गेले. तिथे मंबाजीचा छळ सोसावा लागला, पण संसारही झाला. त्यांना काशी ही मुलगी आणि विठ्ठल हा मुलगा होता. वैजापूर तालुक्यातल्या शिऊर येथे १७०० साली त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांत त्यांनी मुलाला जवळ बोलावून आपल्या मागच्या बारा जन्मांच्या कथा सांगितल्या. मुलगा ऐकत होता, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या.

घरातल्या कुणाला झोप लागताना किंवा जाग येताना क्वचित काही दिसले, क्षणभर अंग हलवता आले नाही, तर घाबरू नका. अपुऱ्या झोपेत हे अनेकांना होते. मात्र दिवसा आवरता न येणारी झोप, हसताना किंवा रागावताना गळून पडणे, डोळ्यांसमोर वारंवार माणसे दिसणे, वृद्ध व्यक्तीने अचानक असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काही आढळले तर डॉक्टरांकडे जा. यातले शेवटचे लक्षण दिसले तर त्याच दिवशी जा. मांत्रिकाकडे नेऊ नका, नाटकी म्हणून हिणवू नका आणि मारू तर मुळीच नका. आधी शेजारी बसा आणि काय दिसले ते शांतपणे ऐकून घ्या. आमच्या निदानाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.