चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे

टेबलावर एक भांडे, शेजारी दोन फळे आणि मागे सोडलेले कापड. चित्रकलेच्या तासाला हा विषय आपणां सर्वांस कधी ना कधी मिळतोच. पुष्कळांस तो कंटाळवाणा वाटतो. परंतु अशा साध्या वस्तूंकडे जन्मभर नव्या दृष्टीने पाहणारा एक थोर चित्रकार, आपल्या सावलीपासून जवळच असलेल्या बडोद्यात सोळा वर्षे कलेचे अध्यापन करीत होता. त्यांचे नाव नारायण श्रीधर बेंद्रे.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. तेथील कलाशाळेत त्यांना दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्यासारखे गुरू लाभले. उघड्यावर बसून निसर्ग रंगविण्याची गोडी त्यांना तेथेच लागली. १९३३ मध्ये त्यांनी मुंबईची सरकारी कला पदविका मिळविली. पुढे काश्मीरमध्ये त्यांनी काही वर्षे चित्रकार म्हणून नोकरी केली. १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनास जाऊन राहिले व नंदलाल बोस यांच्या सहवासात आले. त्यानंतर त्यांनी अमेरिकेचाही प्रवास केला.

चाळिशीच्या सुमारास निसर्गचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक पक्का झाला होता. त्याच पद्धतीची चित्रे काढीत ते सुखाने राहू शकले असते. परंतु १९५० मध्ये ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललितकला शाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि तेथे त्यांनी स्वतःच पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. युरोपातील घनवादी चित्रकार एकच वस्तू अनेक बाजूंनी पाहून तिचे पैलू एका चित्रात मांडीत. बेंद्रे यांनी ती रीत स्थिरचित्रांत अभ्यासिली. त्यांचे ‘सूर्यफूल’ हे चित्र याच काळातील होय. जमलेली वाट सोडणे म्हणजे मिळालेली कीर्ती पणास लावणे होते. तो धोका त्यांनी जाणूनबुजून स्वीकारला. १९५५ मध्ये त्यांच्या ‘काटा’ या चित्रास ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शिक्षक म्हणून त्यांची थोरवी याहूनही मोठी. ते विद्यार्थ्यांसमक्ष स्वतः चित्र रंगवून दाखवीत, परंतु आपली शैली कोणावरही लादीत नसत. म्हणूनच ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख असे त्यांचे नामवंत शिष्य एकमेकांपासून अगदी निराळे घडले. १९५९ मध्ये बेंद्रे शाखेचे अधिष्ठाता झाले. १९६६ मध्ये ते मानाचे पद सोडून ते मुंबईस गेले व त्यांनी चित्रकलेस पूर्णपणे वाहून घेतले. साठीनंतर त्यांनी आणखी एक नवी रीत हाती घेतली. रंगांचे असंख्य बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून ते चित्रे साकारू लागले.

भारत सरकारने त्यांना १९६९ मध्ये पद्मश्री व १९९२ मध्ये पद्मभूषण हे किताब दिले. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, यश मिळाले म्हणजे शिक्षण संपले, असे बेंद्रे यांनी कधीच मानले नाही. पुढच्या वेळी समोर तेच भांडे व तीच फळे आली, तर ती प्रथमच पाहत आहोत अशा दृष्टीने त्यांच्याकडे पाहावे. या थोर गुरूचे तेच खरे स्मरण ठरेल.