सुतार लवजी वाडिया



लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी सुतार. इंग्रजांनी मुंबईच्या गोदीसाठी त्यांना मागितले. पण हातातले जहाज पुरे होईपर्यंत त्यांनी आपला धनी सोडला नाही. १७३६ साली ते मुंबईत आले व पुढे गोदीचे मुख्य मिस्त्री झाले.

फ्रामजी व जमशेदजी हे नातू कामावर आले, तेव्हा आजोबांनी त्यांना साध्या सुतारांबरोबर महिना १२ रुपयांवर लावले. मुलाच्या नावे दुकान करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. आधी हाती वाकस, रंधा देणारे थोडे.

लवजी १७७४ साली वारले. जमशेदजींनी बांधलेले, १८१७ साली पाण्यात सोडलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.