डॉ. रखमाबाई आणि नांदण्याचा दावा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या वस्त्यांतून किंवा मिरज-सांगलीच्या आसपासच्या खेड्यांतून आपल्या एखाद्या कुटुंबात वकिलाची नोटीस येते. मुलगी मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली असते. नोटिशीत लिहिलेले असते की, अमुक दिवसांत नांदायला यावे, न आल्यास कोर्टात दावा लावू. घरातील माणसे घाबरतात. पोलीस येतील, मुलीला धरून नेतील, तुरुंग होईल, असे शेजारीपाजारी सांगतात. आणि पुष्कळदा कोर्टाची तारीख लागण्यापूर्वीच, केवळ भीतीपोटी, त्या मुलीची परत पाठवणी होते. या दाव्यापायी तुरुंगाची धमकी खरोखरच जिला न्यायालयाने दिली होती अशी एक स्त्री याच महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे चरित्र आपल्या उपासक-उपासिकांना ठाऊक असावे म्हणून येथे देत आहोत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत सुतार जातीत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग, आईचे जयंतीबाई. रखमाबाई अडीच वर्षांच्या असताना वडील वारले. त्या वेळी जयंतीबाईंचे वय अवघे सतरा होते. पुढे सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी पुनर्विवाह केला. ब्राह्मणाच्या घरी असे घडते तर बहिष्कार पडला असता. सुतारांत पाट लावण्याची रीत होती, म्हणून ते निभावले. पाट आणि काडीमोड ही आपल्या वाडवडिलांच्याही चालीरीतींतली गोष्ट. वरच्या जातींनी मात्र विवाह म्हणजे जन्मजन्मांतरीचे बंधन ठरवले आणि इंग्रजांच्या न्यायालयांनी तोच साऱ्या हिंदूंचा धर्म समजून पुस्तकात लिहून घेतला.

लग्नापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली होती. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवीत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, आणि १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहासाची संस्था निघाली तिच्या संस्थापकांत ते होते. एवढा शिकलेला मनुष्य, पण जातीच्या रिवाजापुढे त्यांनीही मान तुकवली आणि रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी लावून दिले. नवरा दादाजी भिकाजी, आपल्याच नात्यातला, वय सुमारे एकोणीस. घरची गरिबी. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, माणूस व्हावे, असे ठरले होते. दादाजीला शाळा आवडली नाही. तो मामाच्या घरी राहायला गेला, अभ्यास सुटला, कर्ज झाले. इकडे मुलगी वयात आल्यावर गर्भाधानाचा आग्रह सुरू झाला, तेव्हा सखाराम अर्जुनांनी डॉक्टर म्हणून साफ नकार दिला. लग्नात वाकलेला माणूस येथे ताठ उभा राहिला, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे.

रखमाबाई घरी राहून मिशनच्या वाचनालयातील पुस्तके आणून वाचीत. असे सात-आठ वर्षे चालले.

१८८४ साली दादाजीच्या वकिलाचे पत्र आले. नोटिशीचा मजकूर तेव्हाही आजच्यासारखाच होता : बायकोला अडवू नका, नांदायला पाठवा. उत्तरादाखल रखमाबाईंनी वकिलामार्फत कारणे कळवली. नवरा पोसू शकत नाही, त्याची प्रकृती ठीक नाही, त्याची वागणूक बरी नाही. तेव्हा दादाजीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. बायको नको असताना नाही, मालमत्ता असलेली बायको असताना हा दावा आला, हे तेव्हाच्या लोकांच्याही नजरेतून सुटले नाही.

हा दावा मुळात आपल्या देशातला नव्हेच. धर्मशास्त्रात त्याचा पत्ता नाही. तो इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून येथे आला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी नेमके हेच धरले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या, पतीजवळ कधीच न राहिलेल्या तरुणीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या जनावरासारखी त्या पुरुषाच्या हवाली करणे हे रानटीपणाचे होईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. रखमाबाईंचा मोठा आधार गेला.

त्या गप्प बसल्या नाहीत. एक हिंदू स्त्री एवढ्याच सहीने त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध पत्रे लिहिली. पुण्याच्या केसरीने, म्हणजे टिळकांच्या पक्षाने, धर्म बुडाल्याची हाकाटी केली. मुलींना इंग्रजी शिकवल्याचे हे फळ, असा प्रचार झाला. दादाजीने अपील केले आणि १८८६ साली वरच्या पीठाने खटला पुन्हा ऐकण्यासाठी परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. तसे त्यांनी उघड कळवले. वय तेव्हा बावीस.

त्यांना वाचवण्यासाठी समिती निघाली, पारशी सुधारक बेहरामजी मलबारी पुढे आले, विलायतेपर्यंत बोलबाला झाला. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडले अशी एक कथा सांगितली जाते. ती खरी धरण्याचे कारण नाही. खरी गोष्ट साधी आहे. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला. कायद्याने लग्न मोडलेच नाही, कारण मोडण्याचा कायदाच नव्हता. त्या सुटल्या त्या केवळ रकमेवर.

आता आपल्या दाराशी आलेल्या नोटिशीकडे वळू. तो दावा आजही आहे. हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात तो बसला आहे. १९८३ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला होता, परंतु १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. आमच्या मते तो कधीच जायला हवा होता. परंतु त्याचे दात पुष्कळ पडले आहेत. रखमाबाईंना जी धमकी मिळाली ती शिक्षा १९२३ सालच्या दुरुस्तीने दिवाणी कायद्यातून गेली. आज असा हुकूमनामा मोडल्याबद्दल कोणाही बाईला तुरुंगात घालता येत नाही, पोलीस तिला ओढून नेऊ शकत नाहीत. फार तर मालमत्तेवर जप्ती मागता येते. शिवाय हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर त्याच कारणावरून दोघांपैकी कोणालाही घटस्फोट मागता येतो. हुकूमनामा पाळला नाही म्हणून बायकोची पोटगी आपोआप बंद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

पण नोटीस चुलीत घालून गप्प बसू नये. दावा दाखल झाला आणि समन्स आले, तर तारखेला हजर राहावे व आपली कैफियत लेखी द्यावी. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल होतो. सासर सोडण्यास योग्य कारण होते हे सोडून आलेल्या व्यक्तीला दाखवावे लागते. म्हणून दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या अर्जाची प्रत, मारहाण पाहिलेली माणसे, हे सारे जपून ठेवावे.

तडजोडीनंतर रखमाबाईंनी मागे पाहिले नाही. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने १८८९ साली त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत आल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात आणि नंतर राजकोटला, मिळून तीन दशकांहून अधिक काळ बायकांची सेवा केली. निवृत्तीनंतर मुंबईला येऊन पडदापद्धतीविरुद्ध लिहिले. ज्या समाजाने त्यांना कुलटा ठरवले, त्याच समाजाच्या लेकीसुना त्यांच्या हातून सुखरूप बाळंत होत होत्या.

त्यांच्या हयातीत कायदा हळूहळू सरकला. १८९१ साली मुलींच्या संमतीवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे झाली. त्यात या खटल्याच्या गाजावाजाचा वाटा होता. आपल्या शेजारी कोल्हापुरात १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी काडीमोडीचा कायदा केला. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला. साऱ्या देशासाठी असाच कायदा व्हावा म्हणून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले. बहुसंख्य शूद्र जातींत काडीमोड पूर्वापार चालत आली असताना मूठभरांचा नियम साऱ्यांवर का लादता, हा मुद्दा त्यांनी सभागृहात मांडला. बिल अडवले गेले आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले. अखेर १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. रखमाबाई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांचे निधन झाले.

नाव हिंदू असले तरी या कायद्यात बौद्धांचा स्पष्ट समावेश आहे, आणि धम्मदीक्षा घेतलेल्यांचाही. आपण धर्म सोडला म्हणून कोर्टाचा घटस्फोट आपल्याला लागू नाही, असा एक समज नवदीक्षित कुटुंबांत आढळतो. तो चुकीचा आहे. त्याहून घातक समज म्हणजे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली की लग्न मोडते. जुनी काडीमोड जातीच्या रूढीवर उभी होती. कायद्याने रूढी राखली आहे खरी, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. जात सोडून आलेल्याने ती कशाच्या आधारे सिद्ध करावी? असा कागद करून दुसरे लग्न केलेल्या कित्येकांवर पहिल्या बायकोचा खटला उभा राहिला आहे.

छळ केला, दोन वर्षे टाकून दिले, अशा कारणांवर कोर्टातून घटस्फोट मिळतो. दोघांची संमती असेल आणि वर्षभर वेगळे राहत असतील तर एकत्र अर्ज करता येतो. त्यात सहा महिने थांबावे लागते, मात्र योग्य प्रकरणी कोर्ट ही मुदत माफ करू शकते. आणि १९७६ साली एक तरतूद आली, ती वाचताना रखमाबाईंची आठवण होते. मुलीचे लग्न पंधरा वर्षांच्या आत लावले असेल आणि पंधरा ते अठरा या वयात तिने ते नाकारले असेल, तर पतीजवळ राहिली असो वा नसो, तिला घटस्फोट मागता येतो.

मोडायचे नसेल, केवळ पोटाचा प्रश्न असेल, तरी पोटगीचा अर्ज स्वतंत्रपणे करता येतो. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली होतो. मारहाण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण आणि राहण्याचा हक्क मागता येतो.

सासर पुण्याला असो की सोलापूरला, बायको आज जेथे राहते तेथील कोर्टात तिला घटस्फोटाचा अर्ज देता येतो. ही सोय २००३ पासून आहे. तेव्हा कुपवाडच्या माहेरवाशिणीला सांगली जिल्हा सोडून जाण्याचे कारण नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना व अनुसूचित जातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना लग्नपत्रिका, विवाहाचे फोटो, बौद्धाचार्यांनी दिलेला दाखला आणि नोंदणी झाली असल्यास तिचे प्रमाणपत्र बरोबर न्यावे. मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणाचा पत्ताही न्यावा, कारण पोटगीची रक्कम ठरवताना त्याच्या पगाराची चौकशी होते.