न पाहिलेल्या विहिरीचा धनी

एखाद्या लहानशा तेल कंपनीच्या शेअरचा भाव एकाएकी चढू लागला की त्यामागे बहुधा एकच बातमी असते : विहिरीला तेल लागले. बातमी पुष्कळदा खरीही असते. पण तेल लागणे आणि तेलाचा धंदा उभा राहणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने स्वतःच्या पैशाने मोजले, असा एक गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये होता. विल्यम नॉक्स डार्सी हे त्याचे नाव. इराणच्या खनिज तेलाची कहाणी त्याच्यापासून सुरू होते. गंमत अशी, की या माणसाने इराणच्या भूमीवर आयुष्यात कधी पाऊल ठेवले नाही.

डार्सीचा जन्म १८४९ चा, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला. वडील वकील. १८६६ साली हे कुटुंब ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला गेले आणि रॉकहॅम्प्टन या गावी मुलानेही वकिलीच पत्करली. तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर माउंट मॉर्गन नावाच्या डोंगरात सोने सापडले आणि १८८२ मध्ये डार्सीने काही भागीदारांबरोबर त्यात पैसा घातला. खाण अशी फळली, की पन्नाशीच्या आतच तो अफाट श्रीमंत होऊन इंग्लंडला परतला. लंडनमध्ये वाडा, गावाबाहेर दुसरा, एप्सम शर्यतींच्या मैदानावर स्वतःचा खास कक्ष, असा सगळा थाट.

सोन्याची खाण त्याच्या गावापासून घोड्यावरून जाऊन पाहता येण्याजोगी होती. तेलाचा डाव मात्र त्याने कागदावर मांडला. इराणमध्ये जमिनीतून तेल पाझरते हे लोकांना ठाऊक होते; फ्रेंच पुरातत्त्ववेत्ता जाक द मॉर्गन याने त्याबद्दल लिहूनही ठेवले होते. डार्सीने बोव्हर्टन रेडवुड या नाणावलेल्या तेलतज्ज्ञाचा सल्ला घेतला, एक भूगर्भतज्ज्ञ इराणला पाठवला. अहवाल अनुकूल आला. २८ मे १९०१ रोजी शहाने मक्त्यावर सही केली : मुदत साठ वर्षांची, मुलूख चार लाख ऐंशी हजार चौरस मैलांचा. मोबदला म्हणून वीस हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि निव्वळ नफ्याचा सोळा टक्के वाटा. रशियाला दुखवायचे नाही म्हणून उत्तरेचे पाच प्रांत तेवढे वगळले होते.

दोन विहिरी खणायला दहा हजार पौंड पुरतील, असे त्याला सांगण्यात आले होते. सारा घोळ या आकड्यात होता. भूगर्भाविषयीचा अंदाज खरा होता, खर्चाचा मात्र खोटा. पहिले खोदकाम सुरू झाले ते आजच्या इराण-इराक सीमेजवळ, चिया सुर्ख नावाच्या ओसाड जागी. इराणच्या आखातापासून तीनेकशे मैल दूर. यंत्रे बसऱ्याला जहाजातून उतरायची, टायग्रिस नदीतून बगदादला यायची आणि पुढे डोंगराळ वाटेने खेचरांच्या पाठीवरून जायची. जॉर्ज रेनॉल्ड्स हा पन्नाशी उलटलेला इंजिनिअर ते सारे सांभाळत होता. उन्हाळ्यात पारा एकशेवीस अंश फॅरनहाइटला टेकायचा.

१९०३ सरता सरता डार्सीचे एक लाख साठ हजार पौंड जमिनीत गेले होते. आणि जानेवारी १९०४ मध्ये ती बातमी आली. दुसऱ्या विहिरीला तेल लागले, दिवसाला एकशेवीस पिंपे! लंडनमध्ये आनंद झाला. काही महिन्यांतच तो झरा आटत आटत थेंबांवर आला.

तेलविहीर तशीच असते. आत कोंडलेला दाब पहिल्या दिवसांत तेल वर फेकतो, दाब ओसरला की धार बारीक होते. म्हणून जाणकार माणूस पहिल्या दिवसाच्या पिंपांपेक्षा सहा महिन्यांनंतरची पिंपे विचारतो, आणि त्याच्याही आधी तेल विकायला न्यायचे कसे ते विचारतो. चिया सुर्खची विहीर आटली नसती तरी तीनशे मैल डोंगरातून ते तेल बंदरावर नेणार कोण?

आता बँक तगादा लावू लागली. कर्जापोटी मक्ताच तारण मागू लागली. सोन्याचा राजा हातघाईला आला. या वेळी ब्रिटिश नौदलाला जहाजांसाठी तेलाची चिंता लागली होती. मक्ता परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून सूत्रे हलली आणि १९०५ मध्ये बर्मा ऑइल कंपनी भागीदार झाली. रंगूनचे रॉकेल हिंदुस्थानभर विकणारी ती हीच कंपनी. पुढे १९२८ पासून आपल्या मुंबईकरांना परिचित झालेल्या बर्मा-शेल या नावातली बर्मा म्हणजेही हीच.

खोदकाम नैऋत्येला हलले. एक जागा कोरडी गेली. दुसरी मस्जिद-इ-सुलेमान. पहाऱ्याला हिंदुस्थानातून लान्सर्सची तुकडी आली होती. पण स्कॉटलंडच्या बर्मा ऑइललाही आता खर्च सोसवेना. विहिरी सोळाशे फुटांपर्यंत न्या, तेल न मिळाल्यास गाशा गुंडाळा, अशा अर्थाचे पत्र रेनॉल्ड्सकडे रवाना झाले. ते पोचण्याआधीच, २६ मे १९०८ च्या पहाटे, अकराशे ऐंशी फुटांवर तेल उसळले. कारंजे बुरुजाच्याही वर गेले. डार्सीला तारेने कळले.

१९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली, आजच्या बीपीची पूर्वज. शेअर घ्यायला लोकांनी गर्दी केली. तेल समुद्राकडे न्यायला नळ टाकावा लागला, अबादानला शुद्धीकरण कारखाना बांधावा लागला, आणि पुन्हा पैसा अपुरा पडला. अखेर १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने बावीस लाख पौंड घालून निम्म्याहून अधिक भाग घेतले.

डार्सी बुडाला नाही. झालेला खर्च त्याला परत मिळाला, वर सुमारे नऊ लाख पौंड किमतीचे शेअर आणि संचालकाची खुर्ची. मात्र ज्या मक्त्यावर एकेकाळी त्याचे एकट्याचे नाव होते, त्याचा तो आता मालक उरला नव्हता. त्याहून करुण रेनॉल्ड्सची गोष्ट. वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या त्या माणसाला कंपनीने हजार पौंड हातावर ठेवून १९११ मध्ये घरी पाठवले.

डार्सी १९१७ च्या मे महिन्यात वारला. मस्जिद-इ-सुलेमानचे तेल तेव्हाही निघत होते.