बहिऱ्या मास्तरांनी दाखविलेली आकाशाची वाट



२०२५ साली भारताचे शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा तेथे त्यांनी मूग आणि मेथी रुजविण्याचा प्रयोग केला. तुमच्या घरी फडक्यात बांधून मोड आणतात तेच हे मूग! परंतु जेथे कोणत्याही वस्तूचे वजन जाणवत नाही, तेथे रोप वाढेल काय, जीव जगेल काय, हा प्रश्न आजचा नव्हे. विमानाचाही शोध लागला नव्हता अशा काळात रशियातील एका लहान गावचे शाळामास्तर या प्रश्नाचा विचार करीत बसले होते. त्यांचे नाव कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की. नाव उच्चारायला कठीण आहे खरे. पण त्यांचे चरित्र आपल्या घरातल्या मुलामुलींनी अवश्य वाचावे असे आहे.

त्यांचा जन्म १८५७ साली रशियातील रिझान प्रांतातल्या इझेव्हस्कोये या खेड्यात झाला. वडील जंगल खात्यात नोकरीला होते. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. मूल नऊदहा वर्षांचे असताना त्याला लोहितांग ज्वर झाला. जीव वाचला, पण ऐकू येणे जवळजवळ बंद झाले. वर्गात शिक्षक काय बोलतात ते कळेना, सोबती चेष्टा करू लागले. तशातच तेराव्या वर्षी आई वारली. अभ्यासात मागे पडलेल्या या मुलाचे शाळेत जाणे पुढे कायमचे थांबले.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. असे मूल आपल्या घरात असते तर आपण काय केले असते? बहुधा एखाद्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये त्याला चिकटवून दिले असते, आणि त्याच्या नशिबात शिक्षण नाही असे म्हणून मोकळे झालो असतो. त्या वडिलांनी तसे केले नाही. मुलगा घरी बसून पुस्तके वाचतो, स्वतःच्या हाताने यंत्रांचे नमुने बनवितो, हे त्यांनी पाहिले आणि १८७३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला मॉस्कोला शिकण्यासाठी पाठविले.

मॉस्कोत त्याला कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही. मग त्याने सार्वजनिक ग्रंथालयालाच आपले महाविद्यालय केले. तीन वर्षे तो तेथे नित्यनेमाने जात राहिला. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, खगोलशास्त्र हे सारे विषय त्याने गुरूवाचून आत्मसात केले. घरून येणाऱ्या तुटपुंज्या पैशांतले बरेचसे पैसे पुस्तके आणि रसायने घेण्यात जात. पोटाला बहुतेक नुसता काळा पाव असे.

१८७९ साली बाहेरून परीक्षा देऊन ते शिक्षकाच्या नोकरीस पात्र ठरले. १८८० मध्ये बोरोव्स्क गावी गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १८९२ मध्ये कालुगा येथे त्यांची बदली झाली. पुढे त्यांनी मुलींच्या शाळेतही पदार्थविज्ञान शिकविले. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी खडू हाती धरला. शाळा सुटल्यावर उरलेला वेळ संशोधनाचा.

गावात राहून संशोधन करणे सोपे नव्हते. वायूंच्या गुणधर्मांविषयी मोठ्या कष्टाने लिहिलेला निबंध त्यांनी राजधानीतल्या शास्त्रज्ञांकडे पाठविला, तेव्हा हे सारे आधीच कोणी शोधून ठेवले आहे असे कळले. परंतु कुणाच्याही मदतीविना हा माणूस येथवर पोचला, याचे त्या शास्त्रज्ञांना कौतुक वाटले. खचून न जाता ते पुढच्या कामाला लागले.

१८८३ साली त्यांनी एक टिपण लिहिले. गुरुत्वाकर्षण जाणवत नसलेल्या जागी माणूस कसा हालचाल करील, याचे वर्णन त्यात आहे. जोराचा वेग घेताना शरीरावर केवढा भार पडेल, हे पाहण्यासाठी त्यांनी गरगर फिरणारे यंत्र बनवून त्यात कोंबडीची पिले ठेवली. नेहमीच्या दहापट वजनाचा भार पिलांनी सहन केला. दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांना घरीही करता येईल. भांड्यात मिठाचे पाणी घ्या, अंडे मध्यावर तरंगेल इतके मीठ घाला, आणि भांडे टेबलावर आपटा. अंडे फुटत नाही. द्रव पदार्थ चोहोबाजूंनी आधार देऊन नाजूक वस्तूचे रक्षण करतो, हे त्यांनी त्यावरून दाखविले.

१९०३ साली त्यांचा प्रसिद्ध लेख छापून आला. फुगविलेला फुगा तोंड न बांधता सोडला की हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. अग्निबाणाचे तत्त्व हेच. तो ढकलण्यासाठी बाहेर हवा असावी लागत नाही, म्हणून तो पोकळीतही चालतो. अग्निबाणाला किती वेग मिळेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, आणि भरलेल्या व रिकाम्या अग्निबाणाच्या वजनांचे प्रमाण. हे त्यांनी सूत्रात मांडले. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन हे इंधन त्यांनीच सुचविले. अंतराळात माणसाला प्राणवायू आणि अन्न मिळावे म्हणून यानात काचघर करून वनस्पती वाढवाव्यात, हीही कल्पना त्यांचीच. १९२९ मध्ये एकापाठोपाठ एक सुटणाऱ्या टप्प्यांच्या अग्निबाणाचे गणित त्यांनी मांडले.

घरात मात्र दुःखांची रांग लागली होती. १८८७ च्या आगीत बोरोव्स्कचे घर पुस्तकांसह जळाले, १९०२ मध्ये तरुण मुलगा गेला, १९०८ च्या महापुरात कालुग्याच्या घरातले कागदपत्र भिजून नष्ट झाले. तरीही लेखणी थांबली नाही. १९२१ मध्ये सरकारने त्यांना तहहयात निवृत्तिवेतन दिले. १९ सप्टेंबर १९३५ रोजी ते वारले. त्यांनी स्वतः एकही अग्निबाण उडविला नाही.

परंतु पुढे काय झाले पाहा. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५७ च्या ऑक्टोबरात, पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. पुढच्याच महिन्यात लायका नावाची कुत्री गेली. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीन गेले, आणि त्याच वर्षी कालुग्यात या मास्तरांच्या नावाच्या संग्रहालयाची पायाभरणी गागारीन यांच्याच हस्ते झाली. १९८२ साली साल्युत-७ स्थानकात एका लहानशा रोपाला फुले येऊन बी धरले. २०१५ मध्ये अंतराळवीरांनी अंतराळातच पिकविलेली सॅलडची पाने खाल्ली. काचघराची कल्पना खरी ठरत चालली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना घरी अभ्यासाला जागा नसेल, शिकवणीला पैसे नसतील. पण ग्रंथालयाचे दार उघडे आहे. तेथे जाऊन बसायला लागा. आणि पालकहो, इल्म मिळविणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले आहे, मुलासाठी आणि मुलीसाठीही. जून महिन्यात शाळा उघडतील, तेव्हा एखादे मूल नापास झाले म्हणून, कमी ऐकते म्हणून, किंवा मुलगी मोठी झाली म्हणून त्याचे नाव काढू नका. आधी शाळेत या, आम्हा शिक्षकांशी बोला, मुलाला कशात गोडी आहे ते विचारा. त्या जंगल खात्यातल्या बापाने आपल्या मुलासाठी सुरुवातीला एवढेच तर केले होते.